फर्दीत नसलेली किल्ली

महसूल खात्यात 31 वर्षे कारकुनी केल्यामुळे माझ्या अंगात ज्या दोन-चार सवयी मुरल्या, त्यांत जिन्नसवार फर्दीवाचून कोणत्याही वस्तूचा ताबा घ्यायचा नाही, ही सर्वांत जुनी. बदलीच्या गावी रुजू झालो की कपाटे किती, त्यांच्या किल्ल्या किती, खुर्च्या किती आणि त्यांतल्या मोडक्या किती, याची यादी होऊन तिच्यावर जाणाऱ्याची व माझी सही पडल्याखेरीज मी कामाला हात लावीत नसे. एकदा तर एका तिजोरीची दुसरी किल्ली सापडेना म्हणून तीन दिवस ताबा अडवून धरल्याबद्दल वरिष्ठांचा रोषही मी पत्करला होता. अशा माणसाने निवृत्तीनंतर स्वतःच्या पैशाने मोटार घ्यावी आणि तिच्या चारही चाकांना घातलेल्या कुलपांची किल्ली मागायला मात्र विसरावे, यात दैवाला बोल लावण्यास जागा नाही. दोष माझा आहे. आणि तो सांगितल्याने दुसऱ्या कोणाचा एक दिवस व चार पैसे वाचणार असतील, तर सांगण्यात मला संकोचही नाही.

गाडी सात वर्षे वापरलेली, पुण्यातल्या एका सज्जन गृहस्थांची. ते तिचे दुसरे मालक, मी तिसरा. कागदपत्रांच्या बाबतीत मी तसूभरही कसूर केली नाही. नोंदणी प्रमाणपत्र, विम्याची मुदत, कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला आणि हस्तांतरणाचे नमुने 29 व 30 मी अक्षरन्‌अक्षर वाचले. राज्यातल्या राज्यात झालेल्या विक्रीची वर्दी विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यावी, असे सांगणारे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 50 वे कलमही मी त्या गृहस्थांना, त्यांनी विचारले नसताना, ऐकवले. इंजिनाची परीक्षा ओळखीच्या मिस्त्रीने केली. डिकीचा तळ उचलून स्टेपनी, जॅक आणि पाना जागच्या जागी असल्याचे मी डोळ्यांनी पाहिले. टायर तर नवेकोरे होते, आणि खरे सांगायचे तर त्या टायरांवरच माझे मन बसले. चाके अलॉयची होती. प्रत्येक चाकाच्या चार नटांपैकी एकाचा माथा षट्कोनी नसून गोल होता आणि त्यावर फुलाच्या पाकळ्यांसारखी वळणावळणाची खाच होती. तो नट शोभेचा असावा, असे मी मानले. 31 वर्षांत कुलूप पाहून ते ओळखता आले नाही, असा हा पहिलाच प्रसंग.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. चाक ज्या नटांनी आवळलेले असते ते एरवी कोणाच्याही पान्याने फिरतात. अलॉयची चाके महाग, त्यामुळे रात्री उभ्या असलेल्या गाडीची चाके उतरवून नेण्याची विद्या चोरांनी लवकरच हस्तगत केली. आणि तिच्यावर उतारा म्हणून प्रत्येक चाकाचा एक नट असा घडवण्यात आला, की साध्या पान्याला त्याच्या माथ्यावर पकड मिळू नये आणि त्याच्या खाचेत तिचाच उलटा साचा असलेला पोलादी तुकडा बसवल्यावाचून तो तसूभरही हलू नये. हा तुकडा म्हणजे त्या नटाची किल्ली: आकाराने अंगठ्यापेक्षा थोडी जाड, एका टोकाला नक्षी, दुसऱ्या टोकाला नेहमीच्या पान्यात बसणारा षट्कोन. चारही नटांना किल्ली एकच. ती हरवली की चोराविरुद्ध घातलेले कुलूप धन्याविरुद्ध उभे राहते.

गेल्या ज्येष्ठात आम्ही पुण्याहून गुहागरास निघालो होतो. मी, पत्नी आणि तिचे वृद्ध मामा. उंब्रजेला महामार्ग सोडून पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाट उतरलो आणि पोफळीच्या अलीकडे, समोरून आलेल्या ट्रकला वाट देताना, डांबराच्या कडेला वर आलेल्या दगडाने डाव्या बाजूचा पुढचा टायर बगलेतून फाडला. ट्यूबलेस टायरच्या तळात खिळा घुसला असता, तर चाक न उतरवता जागेवर दोरी भरून निभावले असते. पण बाजू फाटलेल्या टायरला स्टेपनीवाचून गती नसते. जवळच्या पंक्चरवाल्याचा मुलगा पाना घेऊन आला. त्याने तीन नट भराभर सैल केले, चौथ्याशी थांबला आणि हात पुढे करून म्हणाला, "साहेब, चावी द्या." मी गाडीची चावी त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि हसू आवरीत परत दिली. "ही नाय हो. ह्या नटाची चावी."

त्यानंतरचा तास विसरण्याजोगा नाही. भुरभुर पावसात डिकीतले सारे सामान रस्त्याच्या कडेला आले; आंब्याची पेटी, मामांची औषधे, पत्नीने घेतलेली साडी, सारे ताडपत्रीखाली. किल्ली मिळाली नाही. विकणाऱ्या गृहस्थांना दूरध्वनी केला, तर ते प्रांजळपणे म्हणाले, की अशी किल्ली असते हेच त्यांना त्या क्षणी प्रथम कळले. मामा छत्रीखाली उभे राहून हे सारे पाहत होते; त्यांनी एवढेच विचारले, "जावईबापू, कचेरीच्या कपाटाला असं कुलूप असतं, तर तुम्ही ताबा घेतला असतात का हो?"

या प्रश्नाने मी चिडलो आणि त्या चिडीतच दुसरी, पहिलीहून मोठी चूक केली. पोराने "छिन्नीने फिरवून बघू का?" असे विचारले आणि मी होकार दिला. त्या नटाच्या माथ्याभोवती एक मोकळी कडी होती. तिची योजनाच अशी, की घाव बसला तर कडी गरगर फिरावी आणि नट जागेवरून हलू नये. पाच-सात घावांत कडी फिरली, खाचेच्या दोन पाकळ्या चेपल्या, छिन्नी निसटून अलॉयच्या काठाचा टवका उडाला आणि नट जिथल्या तिथे राहिला. आता कोणी खरी किल्ली आणून दिली असती, तरी ती त्या चेपलेल्या खाचेत बसली नसती. शेवटी विम्यातल्या रस्त्यावरील मदतीच्या पुरवणीची आठवण पत्नीला झाली. ती पुरवणी, 50 वे कलम पाठ करण्याच्या नादात, मी वाचलीच नव्हती. गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर चढून चिपळुणास गेली आणि आम्ही एस.टी.ने.

चिपळूणचे मिस्त्री वयस्क आणि मितभाषी होते. त्यांनी हत्याराला हात लावण्यापूर्वी स्वतः गाडी धुंडाळली: हातमोज्यांचा खण, दारांचे खिसे, आसनांखालची जागा, डिकीच्या बगलांमधले झाकणाचे कप्पे, स्टेपनीच्या पोकळीतला फोमचा साचा. त्या साच्यात जॅकच्या शेजारी एक वाटोळी खळगी रिकामी होती. तिच्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "राहायची जागा ही. टायर कुठं बदलले?" मग त्यांनी जे सांगितले ते ऐकून माझ्या त्या नव्याकोऱ्या टायरांचा अभिमान जागीच विरला. टायरच्या दुकानात किल्ली हवेच्या बंदुकीच्या सॉकेटात बसवतात, चौथा नट आवळून होतो, बंदूक खुंटीला जाते आणि किल्ली तिच्याबरोबर. गिऱ्हाईक बिल चुकते करून निघून जाते, आणि पुढचे टायर बदलेपर्यंत कोणाला तिची आठवण येत नाही.

तीन नट त्यांनी एकाच रीतीने काढले: आतून उलट्या पिळाचे आटे असलेले कठीण पोलादाचे सॉकेट नटाच्या माथ्यावर हातोड्याने ठोकून बसवले, लांब दांड्याला पाईप लावला आणि धक्का न देता, सावकाश, अंगाचा भार टाकून ओढले, कर्र असा आवाज होऊन नट सुटला. नट फोडताना चाक जमिनीवर टेकलेले असावे, जॅक त्यानंतर, हा नियम त्यांनी प्रत्येक वेळी पाळला. चौथ्याने, म्हणजे माझ्या छिन्नीच्या बळीने, दीड तास घेतला. त्याची कडी कापावी लागली आणि नट पोखरावा लागला. चार नटांची मजुरी, नवे नट आणि टवका उडालेल्या चाकाची डागडुजी मिळून 6,400 रुपये आणि एक मुक्काम, एवढा या प्रकरणाचा जमाखर्च. तीन सुटलेल्या नटांपैकी एक मी खिशात टाकून आणला.

पंधरवड्याने पुण्याहून एक पाकीट आले. विकणाऱ्या गृहस्थांना चैन पडेना. ते त्या टायरच्या दुकानात गेले, तर तिथे बिस्किटांच्या डब्यात अशा बेवारस किल्ल्या साठवून ठेवलेल्या. आपल्या गाडीच्या कंपनीचे नाव असलेल्या तिन्ही त्यांनी धाडल्या. तिसरी किल्ली माझ्या खिशातून आलेल्या त्या नटात टक्‌ करून बसली. तोवर तिच्या कुलपांचे भंगार झाले होते.

आता अनुभवाचे बोल. गाडी ताब्यात घेताना प्रत्येक चाकाचे सारे नट एकसारखे आहेत की नाहीत, हे वाकून पाहावे. एक जरी निराळा दिसला, तर किल्ली मागावी आणि ती चारही नटांत बसते का, हे पडताळून घ्यावे. पुष्कळ किल्ल्यांवर अथवा त्यांच्यासोबतच्या कार्डावर सांकेतिक क्रमांक असतो. तो उतरवून घरच्या कागदांत ठेवावा, कारण त्या क्रमांकावरून नवी किल्ली मागवता येते. क्रमांक नसेल आणि गाडीचे नट मूळ कंपनीचे असतील, तर नटाच्या माथ्याचे स्वच्छ छायाचित्र घेऊन अधिकृत सेवा केंद्रात जावे. त्यांच्याजवळ किल्ल्यांचा संच असल्यास जुळणारी शोधता येते. हे सारे नट धडधाकट असेपर्यंतच शक्य असते, म्हणून रस्त्यावर छिन्नीला हात लावू देऊ नये. गाडी राष्ट्रीय महामार्गावर अडली असेल तर 1033 हा मदतीचा क्रमांक ध्यानात ठेवावा.

टायरच्या दुकानात किल्ली स्वतः द्यावी, स्वतः परत घ्यावी, आणि ती हातात आल्याखेरीज पैसे देऊ नयेत. कुलपी नट हवेच्या बंदुकीने फिरवू देऊ नये. त्या हिसक्याने खाच झिजते अथवा किल्लीच फुटते. तो हाताच्या पान्यानेच सोडावा आणि आवळावा. आवळण्याचा जोर गाडीच्या पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये छापलेला असतो, तोच प्रमाण मानावा. आणि चाक बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटरांनी नट पुन्हा एकदा तपासावेत.

कुलपे नकोशी झाली, तर साधे नट बसवण्यात कमीपणा नाही, मात्र दिसायला सारखा तो नट सारखा, असे समजू नये. मारुती सुझुकीच्या बहुतेक गाड्यांत 12 मिलीमीटरच्या स्टडवरील आट्यांचे अंतर 1.25 मिलीमीटर असते, तर ह्युंदाई आणि होंडाच्या बहुतेक गाड्यांत ते 1.5 मिलीमीटर असते. एकाचा नट दुसऱ्यावर जोराने चढवला की आटे जातात. तसेच नटाची बैठक निमुळती आहे, गोल आहे की सपाट, हेही चाकाच्या बैठकीशी जुळले पाहिजे. न जुळणारा नट चालत्या गाडीत सैल होतो, आणि हे संकट किल्ली हरवण्याहून कितीतरी भयंकर आहे.

किल्ली गाडीतच असावी, आणि तिची जागा एकच असावी. ती जागा घरातल्या दुसऱ्या एका माणसालाही ठाऊक असावी, कारण टायर फाटतो तेव्हा चालवणारा नेहमी आपणच असतो असे नाही.

वापरलेली मोटार घेण्यास निघालेल्या वाचकाला माझी विनंती एवढीच, की नमुना 29 वर सही होण्यापूर्वी मोठ्याने म्हणावे: "चाकाची किल्ली दाखवा, आणि एक नट माझ्यासमोर सोडून पुन्हा आवळा." या कामाला पाच मिनिटे लागतात.