खाली रेड, वर एलव्हीएम: डेटा सांभाळा, जागा वाढवा

व्हिडिओत आपण फोटो स्टुडिओचं उदाहरण घेतलं होतं. डिस्क उडाली आणि लग्नाचे फोटो गेले, तर ते लग्न काही पुन्हा लागत नाही. म्हणून लिनक्सच्या साध्या पीसीवर ही मांडणी करा.

१. ४ टीबीच्या दोन डिस्क घ्या आणि एमडीएडीएमने रेड-१ करा. सगळा डेटा दोन्हीकडे लिहिला जातो, म्हणून वापरायला ४ टीबीच मिळतात. वेगळं रेड कार्ड लागत नाही.

२. त्यावर एलव्हीएम चढवा. क्रम असा: पीव्हीक्रिएट, व्हीजीक्रिएट, एलव्हीक्रिएट.

३. सगळी जागा लगेच वाटू नका. फोटोंना २ टीबी, हिशेबाला २०० जीबी, बाकी शिल्लक. लागेल तेव्हा एलव्हीएक्सटेंडने वाढवा. वाढवणं सोपं, कमी करणं कटकटीचं.

धंदा वाढला? नवी जोडी आणा, आधी तिचं रेड-१ करा, मगच व्हीजीएक्सटेंड. एकटी डिस्क कधीच जोडू नका. ती गेली की तिच्यावरचा डेटाही गेला.

लक्षात ठेवा, रेड म्हणजे बॅकअप नव्हे! चुकून डिलीट केलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. तिसरी कॉपी दुकानाबाहेर हवीच.

गृहपाठ: खरा डेटा टाकण्याआधी पीसी बंद करून एक डिस्क काढा आणि पुन्हा सुरू करा. एमडीस्टॅटमध्ये दोन 'यू'ऐवजी एक 'यू' आणि अंडरस्कोर दिसेल. फाइल्स उघडतायत ना? मग डिस्क परत जोडा, सिंक पूर्ण होऊ द्या, आणि मगच गिऱ्हाइकाचं काम त्यावर ठेवा.