पडीक भूखंड ते सार्वजनिक बाग : न्यूयॉर्कच्या रहिवाशांचा धडा

शहरातील वस्तीत एखादा भूखंड मोकळा पडला की त्याचे काय होते, हे सांगावयास नको. प्रथम कोणीतरी कचऱ्याची पिशवी टाकतो, मग विटामातीचा राडारोडा येतो, मग अंधार पडल्यावर नको ते उद्योग सुरू होतात. रहिवासी नाक दाबून पुढे जातात आणि 'जागा आपली नाही, आपण काय करणार?' असे म्हणून मोकळे होतात. न्यूयॉर्क शहरातील सामान्य रहिवाशांनी या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या हातांनी शोधले. त्या प्रयत्नाचा अभ्यास आपणा सर्वांस, विशेषतः विद्यार्थ्यांस, उपयुक्त ठरेल.

जागा ओसाड का पडली?

ओसाडपणा आपोआप येत नाही. त्याला कारणे असतात. अमेरिकेत १९३० च्या दशकात शहरांचे नकाशे तयार करून कृष्णवर्णीयांच्या व गरीब स्थलांतरितांच्या अनेक वस्त्या लाल रंगाने दाखविण्यात आल्या. अशा ठिकाणी कर्ज देणे धोक्याचे, असा त्या रंगाचा अर्थ होता. कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही आणि दुरुस्ती नाही म्हणून इमारती मोडकळीस आल्या. १९७० च्या दशकात न्यूयॉर्क शहर स्वतःच आर्थिक संकटात सापडले. अनेक घरमालकांनी कर थकवून इमारती वाऱ्यावर सोडल्या. काही जळाल्या, काही पाडल्या गेल्या. थकलेल्या करापोटी असंख्य मालमत्ता महापालिकेकडे आल्या. परंतु त्यांची निगा राखण्यास महापालिकेजवळही पैसा नव्हता.

बाग कशी उभी राहिली?

१९७३ साली लिझ ख्रिस्ती या चित्रकार महिलेने व तिच्या मित्रमंडळींनी 'ग्रीन गुरिल्लाज' नावाचा गट स्थापन केला. गुरिल्ला म्हणजे गनिमी काव्याने लढणारा. ही मंडळी बी, खत व पाणी भरलेले गोळे कुंपणावरून बंद भूखंडांत टाकीत. पुढे बाउरी व ह्यूस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील एक पडीक भूखंड त्यांनी निवडला. आधी तेथील कचरा व राडारोडा उपसला, मग बाहेरून माती आणली, कुंपण घातले आणि साठ वाफे करून त्यांत भाजीपाला लावला.

वाफे उंच बांधून त्यांत बाहेरची माती भरण्याची पद्धत अशा बागांत सर्रास आढळते, त्यामागे शास्त्रीय कारण आहे. जुन्या इमारतींच्या रंगात शिसे असे. इमारत पडली की ते खालच्या मातीत मिसळते आणि लहान मुलांना त्यापासून विशेष अपाय होतो. म्हणून अशा जागेत भाजी लावण्यापूर्वी मातीची तपासणी करणे किंवा नवी माती घालणे आवश्यक ठरते.

एक डॉलरचे मोल

एप्रिल १९७४ मध्ये महापालिकेने ही जागा दरमहा एक डॉलर भाड्याने दिली. रक्कम नाममात्र होती, परंतु तिचा अर्थ मोठा होता. कालपर्यंत जे घुसखोर ठरले असते, ते आज भाडेकरू झाले. १९७८ मध्ये महापालिकेने 'ग्रीन थंब' ही योजना सुरू केली आणि ठिकठिकाणच्या रहिवाशांना अशा जागा मिळू लागल्या. मात्र भाडेकरू म्हणजे मालक नव्हे, ही गोष्ट पुष्कळांच्या विस्मरणात गेली.

कसोटीचा काळ

१९९० च्या दशकात जमिनीचे भाव चढले. ओसाड वस्त्या राहण्याजोग्या करण्यात ज्या बागांचा हातभार होता, त्याच आता विक्रीस निघाल्या. १९९९ साली शंभराहून अधिक बागांचा लिलाव पुकारण्यात आला. गरिबांना घरे हवीत, हा महापालिकेचा युक्तिवाद होता आणि तो अगदीच खोटा नव्हता. रहिवाशांनी निदर्शने केली. अखेर लिलावापूर्वीच दोन सेवाभावी संस्थांनी मिळून त्या बागा विकत घेतल्या.

सर्वच बागांचे नशीब असे नव्हते. लोअर ईस्ट साइड भागातील पोर्टो रिकोच्या रहिवाशांनी जोपासलेली 'एस्पेरांझा', म्हणजे 'आशा' नावाची बाग, दोन दशकांहून अधिक काळ उभी होती. फेब्रुवारी २००० मध्ये लोकांनी स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतले, तरी तिच्यावर बुलडोझर फिरला. बागा पाडण्यास मनाई करणारा न्यायालयाचा तात्पुरता आदेश त्याच दिवशी निघाला, परंतु तोवर वेळ निघून गेली होती. पुढे २००२ साली तडजोड होऊन सुमारे ४०० बागांना अभय मिळाले व काही जागा घरबांधणीसाठी गेल्या. लिझ ख्रिस्ती १९८५ मध्ये निवर्तल्या; त्यांच्या नावाची ती पहिली बाग आजही लोक सांभाळीत आहेत.

यातून काय शिकावे?

१) श्रमाने जमीन फुलते, पण ती हातात राहते कागदाने. एस्पेरांझाच्या लोकांचे श्रम कोठेही कमी पडले नव्हते. म्हणून परवानगी, तिची मुदत व अटी पहिल्या दिवसापासून लेखी असाव्यात.

२) एकट्या माणसाची बाग त्याच्याबरोबर संपते. सभासदांची यादी, पाणी घालण्याच्या पाळ्या, बैठकीचे इतिवृत्त आणि जमाखर्च ही कामे कंटाळवाणी खरी, पण संस्था त्यांवरच उभी राहते.

३) कुंपणाचे फाटक सर्वांना खुले हवे. काही कुटुंबांपुरती राखलेली बाग संकटात सापडली, तर तिच्यासाठी शेजारी रस्त्यावर येत नाहीत.

विद्यार्थी मित्रांनी एक छोटा अभ्यास अवश्य करावा. आपल्या वस्तीतील एखादा पडीक भूखंड निवडावा आणि नगर भूमापन कार्यालयात जाऊन त्याच्या मिळकत पत्रिकेवर कोणाचे नाव आहे, ते पाहावे. जागा कोणाची हे कळल्यावर अर्ज कोणाकडे करावयाचा, हेही कळते. फावडे त्यानंतर उचलावे.