अनशापोटीची गोळी

अगं, मल्लेश्वरमच्या औषधाच्या दुकानात काउंटरमागे माझी एकतीस वर्षं गेली, म्हणून सांगतो. बंगळुरात छाती जळजळली तर ‘एदे उरी’ म्हण, ‘होट्टे उरी’ नको. होट्टे उरी म्हणजे दुसऱ्याचं बरं झालं की आपल्या पोटात दुखतं ना, ते. नवा असताना मी एका आजींना विचारलं, होट्टे उरी आहे का? त्यांनी छत्रीच उगारली.

आता पँटोप्राझोलची गोळी. तुम्ही पोरं दर्शिनी हॉटेलात उभ्याउभ्या मसाला दोसा, वर कॉफी घेता आणि जळजळ सुरू झाली की मग गोळी शोधता. तिथेच चुकतं. जठराच्या अस्तरात आम्ल सोडणारे पंप असतात. अन्नाची चाहूल लागली की ते कामाला लागतात, आणि ही गोळी चालू पंपच बंद पाडते. म्हणून ती आधी रक्तात पोचलेली हवी: खाण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, अनशापोटी, न चावता. तुझी रात्रपाळी असेल तर ‘सकाळ’ विसर, झोपून उठल्यावरचं पहिलं जेवण धर. पूर्ण गुण यायला दोन-चार दिवस लागतात. आत्ताच आग पडली असेल तर पातळ अँटासिड घे, पण थायरॉईडच्या गोळीपासून ते चार तास लांब ठेव.

डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले तर सहाच. बरं वाटतं म्हणून लोक वर्षानुवर्षं घेत राहतात. आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ आधीच कमी, ते आणखी घसरू शकतं. बरेच महिने घेऊन एकदम सोडलीस तर आम्ल उसळतं आणि दुखणं परतलं असं वाटतं. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी कर. तुझ्या बाबांची मात्र बंद करायला लावू नकोस, त्यांना ती हृदयाच्या ॲस्पिरिनसोबत पोट सांभाळायला दिली आहे.

अल्सर म्हणजे तिखट आणि काळजी, असं आम्हीही गिऱ्हाइकांना ठणकावून सांगायचो. पण बऱ्याचदा खरं कारण जंतू असतो. बॅरी मार्शल नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं १९८४ मध्ये हेलिकोबॅक्टर जंतूंचं पाणी स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये त्याला सहकारी रॉबिन वॉरनसोबत नोबेल मिळालं. तपासणीत तो जंतू निघाला तर अँटिबायोटिकचा कोर्स असतो, बहुधा चौदा दिवसांचा. सातव्या दिवशी बरं वाटलं म्हणून अर्धी पाकिटं परत करायला येणारे मी पुष्कळ पाहिले. अंगदुखीच्या गोळ्या उठसूट खाणाऱ्यांनाही अल्सर होतो, हे ध्यानात ठेव.

शी डांबरासारखी काळी झाली, घास अडकायला लागला, वजन आपोआप उतरलं, तर गोळीच्या नादी न लागता डॉक्टर गाठ. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, दुखणं हाताकडे-जबड्याकडे गेलं, तर सोडा पिऊन ढेकराची वाट बघत बसू नकोस. १०८ ला फोन कर. जयदेव हृदयरोग रुग्णालयात आधी ईसीजी होऊ दे, गॅसच निघाला तर हसून घरी ये.

रात्री जेवण आणि झोप यांत तीन तास. डाव्या कुशीवर झोप. दोन उशा नकोत, त्यांनी मान वाकते आणि पोट दबतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा इंचांच्या विटा लाव, पण घरमालकीणबाईंना आधी सांगून ठेव. मी लावल्या तेव्हा आमच्या मालकीणबाईंनी जादूटोणा समजून पुरोहित बोलावला होता.