पूर ओसरल्यानंतरचे पाणी

गिरणा नदी नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावते आणि मालेगाव, भडगाव, पाचोरा या बाजूने वाहत जाऊन तापीस मिळते. तिच्या काठची काळी, खोल जमीन हे भडगाव तालुक्याचे वैभव होय. परंतु तीच जमीन पुराच्या वाटेवरही आहे. सप्टेंबर १८७२ मध्ये गिरणेच्या महापुराने भडगावची मोठी हानी केली होती. १९६९ मध्ये नांदगाव तालुक्यातील गिरणा धरण पूर्ण झाल्यापासून वरून येणाऱ्या पाण्यास बराच आवर बसला आहे. तथापि धरणाच्या खाली पडणारा पाऊस धरण अडवू शकत नाही. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अजिंठ्याच्या डोंगरात अतिवृष्टी झाली आणि तितूर व डोंगरी या नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले, हे अनेकांस आठवत असेल.

नदीचा लोंढा थांबविणे एका शेतकऱ्याच्या हाती नाही. पूर चढू लागला की जनावरांचे दावे सोडून त्यांना उंचावर न्यावे आणि पाण्याखालील फरशीवरून कोणीही जाऊ नये, एवढेच त्या वेळी साधते. परंतु पूर ओसरल्यावर जे पाणी शेतात साचून राहते, त्याचा निचरा करणे मात्र आपल्या हाती आहे. आणि पुष्कळदा पीक बुडते ते या साचलेल्या पाण्यानेच.

पीक का पिवळे पडते?

एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे चार लाख लिटरांहून अधिक पाणी त्या शेतात येते. काळ्या जमिनीत चिकणमातीचा अंश फार असतो. ती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी खाली मुरण्याचा वेग अगदी मंदावतो. मातीतील हवेची जागा पाणी घेते. मुळांना श्वसनास प्राणवायू मिळत नाही व त्यांना अन्नद्रव्ये शोषून घेता येत नाहीत. म्हणूनच पाण्यात उभी असलेली कपाशी तहानेल्या झाडाप्रमाणे माना टाकते.

पावसापूर्वीची कामे

१. उन्हाळ्यातच शेताचा उतार पाहावा. मागील वर्षी पाणी कोठे साचले होते, ती जागा खुणेने निश्चित करावी.

२. शेताच्या सखल बाजूस गुडघाभर खोल चर काढावा व तो नाल्यापर्यंत न्यावा. चराच्या तोंडाशी दगड रचावेत, म्हणजे माती वाहून जाणार नाही.

३. उभ्या कपाशीत काही ओळींआड सरी पाडून ती चरास जोडावी.

४. चरातील गाळ व गवत मृगापूर्वी काढून टाकावे. बुजलेला चर असून नसल्यासारखाच होय.

शेजाऱ्याचा बांध

येथेच खरी अडचण उभी राहते. वरच्या शेतकऱ्याने काढलेले पाणी खालच्याच्या शेतात उतरते. खालचा बांध घालून ते अडवितो. आणि मग दोघांचेही पीक सडते. ज्याच्या शेतातून चर जायचा, त्याची थोडी जमीन जाते, ही त्याची तक्रार खोटी नाही. म्हणून चर एकट्याचा नसावा; शिवारातील सर्वांनी मिळून नाल्यापर्यंतची वाट ठरवावी आणि खोदाईचा भार वाटून घ्यावा. पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी बेकायदा अडविला व त्यामुळे शेतीचे नुकसान झाले, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दाद मागता येते. तथापि दावा चालेपर्यंत पीक वाट पाहत नाही. वैशाखात बांधावर बसून केलेला समेट श्रावणातील भांडणापेक्षा केव्हाही स्वस्त पडतो.

पाणी ओसरल्यावर

प्रथम निचरा, मग औषध, हा क्रम मोडू नये. पाणी काढल्याखेरीज दिलेले खत वाया जाते. वाफसा येण्यापूर्वी शेतात औत घालू नये. ओली काळी माती दबून अधिकच घट्ट होते. कपाशीची झाडे एकाएकी सुकू लागल्यास १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरे पोटॅश (००:००:५०) व २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळून प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी सुमारे १०० मिलिलिटर द्रावण ओतावे आणि झाडाजवळची माती पायाने दाबून घ्यावी. हा उपाय झाड सुकू लागताच केला तरच उपयोगी पडतो.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांसाठी

पाऊस सुरू होण्यापूर्वी शेतकऱ्यांसह एकदा शिवारफेरी काढावी आणि पुढील प्रश्नांवर चर्चा घडवावी : आपल्या शिवारातील पाणी कोणत्या वाटेने नाल्यास मिळते? ती वाट कोठे बुजली आहे? ती मोकळी करण्यास कोणाकोणाची संमती लागेल? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या गावाने मृगापूर्वी मिळविली, त्या गावी पूर आला तरी पाणी मुक्कामास राहणार नाही.