संगणक अडतो तेव्हा : एक कारणमीमांसा



गेल्या वर्षी वार्षिकांकाची जुळवाजुळव चालू असताना आमच्या शाळेच्या संगणककक्षात एक लहानसा प्रसंग घडला. इयत्ता नववीतील एक विद्यार्थिनी अंकाची पाने लावण्याच्या कामी आम्हांस साहाय्य करीत होती. पडद्यावर एका खिडकीत टंकलिखित मजकूर, दुसरीत जुळवावयाची पाने आणि तिसरीत शब्दांचे शुद्धलेखन पाहण्यासाठी उघडलेला इंटरनेटचा ब्राउझर, अशा तीन खिडक्यांतून तिची ये-जा चालली होती. एका खिडकीतून दुसरीत जाण्यासाठी तिने कळ दाबली आणि पडदा जागच्या जागी थिजला. बाण रखडत हलू लागला, अक्षर उमटेना, आणि खिडकीच्या माथ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे शब्द दिसू लागले. “काय दाबलेस तू?” असे आम्ही सर्वांदेखत विचारले आणि उत्तराची वाट न पाहता संगणकाचे बटण दाबून तो बंद केला. दोन तासांचे टंकलेखन त्यासरशी नाहीसे झाले. ती मुलगी काही बोलली नाही; पण दुसऱ्या दिवशी ती संगणककक्षाकडे फिरकली नाही.

पुढे शोध घेतला तेव्हा कळून आले, की तिने काहीच चुकीचे दाबले नव्हते. नुकसान झाले ते आमच्या घाईमुळे. संगणक ‘हँग’ झाला म्हणजे वस्तुतः काय होते, आणि अशा वेळी मनुष्याने कसे वागावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एक वाढपी आणि मोठी पंगत

संगणक अनेक कामे एकाच वेळी करतो असे आपण म्हणतो. त्याची रीत समजण्यासाठी देवळातील समाराधनेची पंगत डोळ्यांसमोर आणावी. पाने पुष्कळ, वाढपी एक. पण तो इतक्या त्वरेने फिरतो, की प्रत्येकास तो आपल्याच पानाशी उभा असल्यासारखा वाटतो. संगणकाचा प्रोसेसर म्हणजे हा वाढपी आणि निरनिराळी सॉफ्टवेअरे म्हणजे जेवणारी मंडळी. आजच्या संगणकात असे चार किंवा आठ वाढपी असतात हे खरे, तथापि पानांची संख्या त्यांहून कितीतरी अधिक असते. कोणाच्या पानावर किती वेळ थांबावे हे ठरविणारा पंगतीचा व्यवस्थापक म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम.

१९९२ साली निघालेल्या विंडोज ३.१ या प्रणालीत वाढप्यास मोकळे करणे हे जेवणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले होते. एखाद्याने त्याचा हात धरूनच ठेवला, तर सारी पंगत उपाशी राहत असे. १९९५ सालच्या विंडोज ९५ पासून नव्या धर्तीच्या सॉफ्टवेअरांच्या बाबतीत ही सत्ता व्यवस्थापकाकडे आली. ठरलेला क्षण संपताच तो वाढप्यास पुढे पाठवू लागला. यामुळेच आज एखादे सॉफ्टवेअर अडले तरी बहुधा बाकीची चालू राहतात. एकच अडले आहे की सगळेच, हा म्हणून शोधाचा पहिला प्रश्न होय.

‘नॉट रिस्पॉन्डिंग’ या शब्दांचा अर्थही नीट समजून घ्यावा. आपण दाबलेली प्रत्येक कळ हा त्या सॉफ्टवेअरच्या नावे टाकलेला एक निरोप असतो. पाच सेकंदांपर्यंत त्याने आपल्या निरोपांकडे पाहिले नाही, म्हणजे विंडोज ही पाटी लावते. ‘प्रतिसाद देत नाही’ एवढाच तिचा अर्थ आहे. घरातील मनुष्य हाक मारूनही बोलत नाही, याची कारणे अनेक असू शकतात. तो कामात असेल, कोणाची वाट पाहत असेल, किंवा खरोखरच आजारी असेल. पाटी वाचून यांतले कोणते कारण खरे, हे कळत नाही.

मेज आणि कपाट

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. संगणक नेमका खिडकी बदलतानाच का अडावा?

संगणकास वस्तू ठेवण्याच्या दोन जागा असतात. रॅम नावाची स्मृती हे त्याचे मेज. त्यावर असलेली वस्तू हात पुढे करताच मिळते. डिस्क हे त्याचे कपाट. कपाट प्रशस्त असते, पण तेथवर जाऊन यावे लागते. हा फरक किती मोठा, हे आकड्यांवरून ध्यानात येईल. रॅममधून वस्तू आणण्यास सेकंदाचा सुमारे एक कोटीवा भाग लागतो, तर फिरत्या तबकडीच्या डिस्कवरून आणण्यास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग. म्हणजे अंतर एक लाख पटींचे झाले. मेजावरची वही उचलण्यास एक सेकंद लागतो असे धरले, तर कपाटातील वही आणण्यास सत्तावीस तासांहून अधिक वेळ लागेल! फिरती तबकडी नसलेल्या नव्या डिस्क पुष्कळ चपळ आहेत. तरीही मेजाची बरोबरी त्यांना येत नाही.

मेज भरले की ऑपरेटिंग सिस्टीम एक युक्ती करते. ज्या वस्तूंना बराच वेळ हात लागलेला नाही, त्या ती कपाटात ठेवून देते आणि मागणी येताच परत आणते. ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडातील मँचेस्टर विद्यापीठात १९६२ साली सुरू झालेल्या ॲटलस या संगणकात ती प्रथम प्रत्यक्षात आली. आपण एका खिडकीत तासभर रमलो, की दुसऱ्या खिडकीचे सामान असे हळूहळू कपाटात जाते. मग आपण एकाएकी त्या खिडकीकडे वळतो, आणि ते सारे सामान एकदम मेजावर हवे होते. त्यास जागा करण्यासाठी पहिल्या खिडकीचे सामान कपाटात न्यावे लागते. मेज फारच लहान असेल, तर ने-आण एवढी वाढते, की खरे काम करण्यास उसंतच उरत नाही. या अवस्थेस इंग्रजीत ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. अमेरिकेतील पीटर डेनिंग यांनी १९६८ साली तिची सविस्तर मीमांसा केली. ज्या क्षणी आपण संगणकास मेलेला समजतो, त्याच क्षणी तो बिचारा सर्वांत अधिक राबत असतो.

अडण्याची इतर कारणे

तथापि प्रत्येक वेळी दोष मेजाचाच असतो असे नव्हे. पुष्कळदा सॉफ्टवेअरने आपणांस एक प्रश्न विचारलेला असतो. ‘बदल जतन करावयाचे काय?’ असा प्रश्न असलेली चौकट दुसऱ्या खिडकीच्या मागे दडून राहते. उत्तर मिळेपर्यंत सॉफ्टवेअर पुढे सरकत नाही, आणि प्रश्न दिसत नसल्यामुळे आपण उत्तर देत नाही.

दुसरे कारण परस्परांची प्रतीक्षा. एका मुलाजवळ पट्टी आहे व त्यास कंपास हवा आहे. दुसऱ्याजवळ कंपास आहे व त्यास पट्टी हवी आहे. आपल्या हातचे आधी सोडावयास कोणीच तयार नाही. अशा दोघांची आकृती कधीच पुरी व्हावयाची नाही. सॉफ्टवेअरांतही असे घडते. मोठा मजकूर किंवा चित्र एका खिडकीतून उचलून दुसरीत चिकटवताना, पहिले सॉफ्टवेअर अनेकदा वस्तू लगेच देत नाही. ‘मागाल तेव्हा देईन’ असे केवळ वचन देऊन ठेवते. ते स्वतःच दुसऱ्या कामात गुंतले, की मागणारेही ताटकळत राहते.

याखेरीज काढून घेतलेल्या पेन ड्राइव्हवरील धारिका, झिजलेली डिस्क, जुना झालेला चित्रदर्शनाचा ड्रायव्हर, किंवा त्याच वेळी सुरू झालेली विषाणुतपासणी, हीही कारणे संभवतात.

उपायांचा क्रम

संगणक अडला असता पुढील क्रम पाळावा. सौम्य उपाय आधी आणि कठोर उपाय शेवटी, हे वैद्यांचे धोरण येथेही हिताचे ठरते.

१. घड्याळ लावून दोन मिनिटे थांबावे. या अवधीत कळांवर कळा दाबू नयेत. प्रत्येक कळ म्हणजे रांगेतील आणखी एक निरोप. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर काम चालू आहे असे समजावे.

२. ‘कॅप्स लॉक’ची कळ एकदा दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल, तर ऑपरेटिंग सिस्टीम बहुधा जागी आहे आणि अडचण एखाद्याच सॉफ्टवेअरची आहे.

३. ‘आल्ट’ व ‘टॅब’ या कळांनी सर्व खिडक्या पाहाव्यात आणि मागे दडलेला प्रश्न शोधावा. सापडल्यास वाचून उत्तर द्यावे.

४. ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ व ‘एस्केप’ या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. मेमरी व डिस्क हे दोन्ही आकडे शंभराच्या जवळ असतील, तर मेज अपुरे पडत आहे. एकच सॉफ्टवेअर प्रोसेसर अडवून बसले असेल, तर दोष त्याचा. सर्व आकडे शांत असूनही खिडकी हलत नसेल, तर ती कोणाची तरी वाट पाहत आहे.

५. ज्यांतील काम जतन झालेले आहे, ती इतर सॉफ्टवेअरे आधी बंद करावीत. एवढ्याने भागले नाही, तरच अडलेल्या सॉफ्टवेअरला ‘एंड टास्क’ द्यावा. त्यातील जतन न केलेले काम जाईल, बाकीचे वाचेल.

६. बटण दाबून संगणक बंद करणे हा अखेरचा उपाय. आम्ही नेमका तोच पहिला केला होता.

आमचा शोध

त्या प्रसंगानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही त्या विद्यार्थिनीस बोलावून घेतले, आमची चूक तिच्यापाशी कबूल केली, आणि कारण शोधण्याचे काम तिच्यावरच सोपविले. तिने एक वही केली. पडदा केव्हा थिजला, त्या वेळी कोणत्या खिडक्या उघड्या होत्या, किती वेळाने तो सुटला, हे ती लिहू लागली. एका वेळी एकच बदल करावयाचा, हा नियम तिला विज्ञानाच्या तासाला ठाऊक झालेला होता. तो तिने येथे लावला. प्रथम ब्राउझर बंद ठेवून पाहिला. अडणे थोडे कमी झाले, पण थांबले नाही. मग तिची दृष्टी पानांवरील छायाचित्रांकडे गेली.

स्नेहसंमेलनाची ४० छायाचित्रे आम्ही जशीच्या तशी पानांत घातली होती. प्रत्येकाची रुंदी ४,००० व उंची ३,००० बिंदू. गुणाकार केला असता १ कोटी २० लक्ष बिंदू होतात. प्रत्येक बिंदूस ३ बाइट धरले, तर एका चित्रास ३ कोटी ६० लक्ष बाइट लागतात आणि चाळिसांस १४४ कोटी. त्या संगणकाची रॅम ४ गिगाबाइट, म्हणजे सुमारे ४२९ कोटी बाइट. तिचा तिसरा हिस्सा एकट्या छायाचित्रांनी व्यापण्याजोगा होता! डिस्कवर तेच चित्र आवळून ठेवलेले असल्यामुळे लहान दिसते. उघडताना मात्र ते पसरते, हे आमच्या ध्यानी आले नव्हते.

छपाईत १० सेंटिमीटर रुंद चित्रास इंचाला ३०० बिंदू या मानाने सुमारे १,१८० बिंदूंची रुंदी पुरते. त्याप्रमाणे तिने चित्रे लहान केली. प्रत्येकाचा भार बाराव्या हिश्श्याच्या आसपास आला. त्यानंतर चार दिवस पडदा एकदाही थिजला नाही. आम्ही समाधान मानून मोकळे झालो होतो, पण ती म्हणाली, “सर, जुनी चित्रे परत घालून पाहायला हवे, नाहीतर कारण हेच होते, हे कशावरून?” जुनी चित्रे घातली, आणि पडदा पुन्हा थिजला. या वेळी आम्ही घड्याळ लावून बसलो. एक मिनिट चाळीस सेकंदांनी तो आपोआप सुटला. पूर्वीच्या प्रसंगी एवढाच धीर धरला असता, तर दोन तासांचे काम बहुधा वाचले असते.

मित्रहो, ‘कंट्रोल’ व ‘एस’ या कळांनी दर दहा मिनिटांनी काम जतन करण्याची सवय लावून घ्या. ती घरीदारी सर्वत्र उपयोगी पडेल. आणि यंत्र अडले असता जवळ बसलेल्या मनुष्यास आरोपी ठरविण्यापूर्वी कारणाचा शोध घ्या. आम्ही हा क्रम उलटा केला. गेलेले टंकलेखन आम्ही दोन संध्याकाळी बसून पुन्हा केले. परंतु वर्गमैत्रिणींसमोर विचारलेला तो प्रश्न पुसून टाकण्याची कळ कोणत्याही संगणकावर नाही. ती वही आता संगणककक्षातच ठेवलेली आहे. यापुढे ज्याचा संगणक अडेल, त्याने तीत नोंद करावी, हा आमच्या कक्षाचा नियम झाला आहे; आणि शिक्षकांनाही तो लागू आहे.