कान गेला, पण कागद कुठे आहे?

गेल्या महिन्यात खालापूरकडचे एक निवृत्त हवालदार खोपोली लोकलने कर्जतला उतरून माझ्या दवाखान्यात आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत फाईल. तोफखान्यात २४ वर्षे काढून आठ वर्षांपूर्वी घरी आलेला माणूस. प्रत्येक वाक्य त्यांना दोनदा सांगावे लागत होते.

"डॉक्टर, अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज करायचा आहे. २०११ साली गणपतीला रजेवर आलो होतो, तेव्हा तुम्हीच माझे कान तपासले होते. तसे सर्टिफिकेट द्या. तारीख फक्त तेव्हाची टाका."

मला ते आठवत होते. गोळीबाराच्या सरावानंतर कानात सारखी शिट्टी वाजते, अशी त्यांची तक्रार होती. मी थेंब लिहून दिले आणि ते घरी गेले. चिठ्ठीवर मी तारीख घातली होती की नाही, देव जाणे. नोंदवहीत तर त्यांचे नावच नाही. ती चूक माझी. गर्दीच्या दिवशी 'ओळखीचा माणूस आहे, नंतर लिहू' असे म्हटले की ते राहून जाते.

मागची तारीख घालायला मी नकार दिला. हवालदारसाहेब दुखावले. "खरे तेच लिहायला सांगतोय ना मी?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण आज लिहिलेल्या कागदावर चौदा वर्षांपूर्वीची तारीख घातली, तर आतला मजकूर खरा असूनही कागद खोटा ठरतो. शाई, छापील पत्ता, शिक्का, कशावरूनही ते उघड होते. मग त्याच फाईलमधल्या खऱ्या कागदांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. डॉक्टरांसाठी २००२ चे आचारनियम आहेत. दिलेल्या प्रत्येक दाखल्याची नोंद आणि प्रत ठेवावी, असे ते सांगतात. खोटा दाखला देणाऱ्याचे नाव डॉक्टरांच्या नोंदणीपटावरून काढता येते.

आता कानाविषयी थोडे. मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या भागातील नाजूक पेशी मरतात आणि त्या पुन्हा वाढत नाहीत. ऑडिओमेट्रीच्या आलेखात अशा माणसाची रेषा बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडल्यासारखी खाली जाते आणि ८००० ला थोडी वर येते. वयामुळे आलेल्या बहिरेपणात ती उतारासारखी खाली जातच राहते. साठीनंतर दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि ओळखणे कठीण होते. कान किती गेला हे यंत्र सांगते, कधी गेला हे सांगत नाही. त्यासाठी त्या त्या वेळचा कागदच लागतो. आणि कोणी मुद्दाम कमी ऐकू येते असे दाखवू लागला तर तेही फार काळ लपत नाही. एकच चाचणी पुन्हा घेतली की आकडे जुळत नाहीत. शिवाय 'बेरा' नावाच्या तपासणीत रुग्णाच्या उत्तराची गरजच लागत नाही.

हवालदारसाहेबांचे खरे दुखणे वेगळेच निघाले. नोकरीत असताना त्यांनी कानाची तक्रार युनिटच्या डॉक्टरांकडे केलीच नव्हती. मेडिकल कॅटेगरी खाली गेली तर बढती अडेल, ही भीती. निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डापुढे जवानाला स्वतःचे निवेदन द्यावे लागते. तिथेही त्यांनी "काही त्रास नाही" असे लिहून सही केली. घरी जाण्याची घाई होती, म्हणाले.

या कागदांचे वजन किती असते, हे धरमवीर सिंग यांच्या खटल्यात दिसते. सुमारे नऊ वर्षांच्या नोकरीनंतर फेफऱ्याच्या आजारामुळे या शिपायाला सैन्यातून काढले. अपंगत्व २० टक्के ठरले. आजार नोकरीमुळे झालेला नाही, असे बोर्डाने म्हटले आणि पेन्शन नाकारली गेली. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. भरतीच्या वेळच्या तपासणीत या आजाराची नोंद नव्हती आणि बोर्डाने आपल्या मताची कारणे लिहिली नव्हती. जवान भरतीच्या दिवशी निरोगी होता असे धरायचे, आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकायचा नाही, असे न्यायालयाने सांगितले. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले आहेत. त्यामुळे आपल्याला कोणते नियम लागू होतात हे निवृत्तीच्या तारखेवरून आधी पाहून घ्यावे.

२० टक्क्यांहून कमी अपंगत्वाला ही पेन्शन मिळत नसे. १९ आणि २० या आकड्यांमधल्या फरकापायीच 'थोडे वाढवून लिहा' अशी विनंती आमच्याकडे येते. मी आकडा लिहीतच नाही. मी जे तपासले ते लिहितो, टक्के बोर्ड ठरवते.

शेवटी हवालदारसाहेबांना मी आजच्या तारखेचा दाखला दिला. आज काय आढळले ते त्यात लिहिले. २०११ मध्ये ते आल्याचे मला आठवते, पण माझ्याकडे त्याची नोंद नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिले. ऑडिओमेट्री करायला सांगितली. भरतीच्या तपासणीची आणि बोर्डाच्या कागदांची प्रत रेकॉर्ड ऑफिसकडून मागवायला सांगितली आणि अलिबागला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पाठवले. निवृत्तीनंतर लक्षात आलेल्या आजारासाठीही अर्ज करता येतो, पण त्याला मुदत असते. म्हणून उशीर करू नका, असे बजावले. अर्ज नामंजूर झाला तर अपील आहे, आणि पुढे सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे.

रजेवर आलेल्या जवानांच्या घरच्यांनी एवढे करावे. खासगी दवाखान्यात दाखवले तर चिठ्ठीवर नाव, तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक आहे ना, ते पाहावे. रजा संपल्यावर ती चिठ्ठी युनिटच्या डॉक्टरांना दाखवून नोंद करून घ्यावी आणि एक झेरॉक्स घरी ठेवावी. रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर तिथले कागद मागावेत. मागणी केल्यापासून ७२ तासांत ते द्यावेत, असा नियम आहे.

परवा हवालदारसाहेब आलेख घेऊन पुन्हा आले. ४००० ला खड्डा आहे. अर्ज अलिबागहून पुढे गेला आहे, निकाल काय लागेल हे मी सांगू शकत नाही. निघताना म्हणाले, "पुतण्या बेळगावला ट्रेनिंगला आहे. गुडघ्याला लागलंय, पण तिथे कोणाला सांगितलं नाही म्हणतो." मी तिथूनच त्याला फोन लावायला सांगितला.