कारखान्यातून निघाली तशी

(जुनी मोटार दुरुस्त करणे ही एक कला आहे. मात्र ती पहिल्या दिवशी जशी होती तशीच पुन्हा उभी करणे याला कलेबरोबर अभ्यास आणि प्रामाणिकपणाही लागतो. अमेरिकेत अशा गाड्यांच्या स्पर्धा भरतात. तेथे सर्वोच्च मान कोणत्या गाडीला मिळतो आणि का मिळतो, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, रस्त्याच्या कडेचे गॅरेज तुम्ही पाहिले असेल. ठोकर बसलेली गाडी तेथे येते. मिस्त्री पत्रा ठोकून सरळ करतो, पुट्टी भरतो, घासतो आणि रंगाचा फवारा मारतो. चार दिवसांनी गाडी चकचकीत होऊन बाहेर पडते. मालक खूश होतो. लोक म्हणतात, "वा! गाडी नव्यापेक्षाही छान झाली!"

आता मी तुम्हांला एका अशा स्पर्धेविषयी सांगणार आहे, जिथे गाडी 'नव्यापेक्षा छान' झाली तर गुण कापले जातात. ऐकून नवल वाटले ना? ही स्पर्धा समजण्यासाठी आधी त्या गाड्यांची ओळख करून घेऊ.

या गाड्यांना 'मसल कार' म्हणतात. मसल म्हणजे स्नायू. मध्यम आकाराची, साध्या दिसण्याची गाडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचे दणकट इंजिन, अशी ही जोडी असते. १९६४ साली अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीच्या पाँटिॲक विभागाने 'जीटीओ' नावाची गाडी बाजारात आणली. जॉन डिलोरियन हे तेव्हा या विभागाचे मुख्य अभियंता होते. मध्यम गाडीत ठरावीक मापापेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही, असा कंपनीचाच नियम होता. म्हणून जीटीओ ही वेगळी गाडी म्हणून न विकता, नेहमीच्या टेम्पेस्ट गाडीवर ग्राहकाने मागून घ्यायची जादा जोडणी म्हणून विकली गेली. तिचे इंजिन सुमारे ६.४ लिटरचे होते. आपल्याकडे रस्तोरस्ती दिसलेल्या मारुती ८०० गाडीच्या इंजिनाच्या आठपट! पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या हातोहात खपल्या.

मग इतर कंपन्याही मागे राहिल्या नाहीत. १९७० च्या शेव्हरले शेव्हेल गाडीचे सर्वांत जोरकस इंजिन ४५० अश्वशक्तीचे होते. क्रायस्लर कंपनीच्या 'हेमी' इंजिनाने तर मोठे नाव काढले. परंतु हे दिवस फार टिकले नाहीत. तरुण चालकांच्या विम्याचे हप्ते खूप वाढले. १९७० मध्ये हवेच्या शुद्धतेविषयी कडक कायदा झाला. १९७३ मध्ये तेलाचे संकट आले आणि पेट्रोल महागले. तहानलेल्या इंजिनांच्या या गाड्या मागे पडल्या.

त्या काळी कोणी त्यांना जपून ठेवले नाही. तरुणांनी त्या शर्यतीत दामटल्या. इंजिने फुटली, ती बदलली गेली. उत्तरेकडील राज्यांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, त्या मिठाने खालचा पत्रा गंजून गेला. म्हणून आज पूर्ण आणि खऱ्या गाड्या थोड्याच उरल्या आहेत. प्लिमथ कंपनीची १९७१ ची 'हेमी कुडा' ही छत दुमडता येणारी गाडी तर अवघी अकरा नग बनली होती. त्यांतील एक गाडी २०१४ साली लिलावात ३५ लाख डॉलरना विकली गेली.

आता स्पर्धेकडे वळू. दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात शिकागो शहराजवळ रोझमाँट येथे 'मसल कार अँड कॉर्व्हेट नॅशनल्स' हे मोठे प्रदर्शन भरते. देशभरातील निवडक गाड्या तेथे येतात आणि जाणकार परीक्षक त्या पारखून घेतात. कॉर्व्हेट ही दोन आसनी गाडी मसल कारची जणू बहीणच. तिच्यासाठी १९७४ मध्ये 'नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी' ही संस्था स्थापन झाली. या संस्थेची परीक्षा कशी असते ते पाहिले, की सगळी गोष्ट लक्षात येईल.

परीक्षेचे एकूण गुण सुमारे साडेचार हजार असतात. गाडी पाच भागांत तपासली जाते: बाहेरचे अंग, आतली बैठक, इंजिनाचा भाग, खालचा सांगाडा आणि चालणारी यंत्रणा. दिवे, हॉर्न, वायपर, रेडिओ, एवढेच काय, गाडीतले घड्याळसुद्धा चालू हवे. शंभरात ९४ किंवा त्याहून अधिक गुण मिळाले तर पहिला मान मिळतो. म्हणजे साडेचार हजारांतून साधारण २७० पेक्षा जास्त गुण गेले, की तो मान हुकला!

प्रत्येक भागापुढे उभे राहून परीक्षक पाच प्रश्न विचारतात. भाग पूर्ण आहे का? त्यावरची तारीख जुळते का? त्याची घडण मूळ भागासारखी आहे का? तो कारखान्यात बसवत तसाच बसवला आहे का? आणि त्याचा रंग, त्याची झिलई मूळची वाटते का?

यांतील तारखेचा प्रश्न फार मजेशीर आहे. त्या काळी इंजिनाच्या ओतकामावर, काचांवर, कार्ब्युरेटरवर सांकेतिक अंक असत. भाग केव्हा बनला हे त्या अंकांवरून कळते. समजा, एखादी गाडी मार्च महिन्यात तयार झाली. तिच्या काचेवर जानेवारीची खूण असेल तर ठीक. काच आधी बनली, मग गाडीत बसली. पण खूण एप्रिलची असेल तर? जी काच अजून बनलीच नव्हती, ती मार्चमधल्या गाडीत कशी बसेल? म्हणजे काच नंतर बदलली आहे. एक लहानसा आकडा असा खरेखोटे सांगून जातो. म्हणून गाडी दुरुस्त करणारे कारागीर योग्य तारखेचा एखादा सुटा भाग मिळवण्यासाठी महिनेन् महिने भंगारवाड्यांत आणि जुन्या भागांच्या बाजारांत हिंडतात.

झिलईची गोष्टही अशीच आहे. साध्या बोल्टांचे उदाहरण घ्या. कारखान्यात काही बोल्ट काळपट असत, काहींवर जस्ताचा मुलामा असे, काही तसेच उघडे असत. बोल्टाच्या डोक्यावर तो बनवणाऱ्याची खूण असे. हौशी माणूस सगळे बोल्ट चकचकीत करून टाकतो. त्याला वाटते, गाडी सजली. परीक्षक मात्र गुण कापतात, कारण कारखान्यात ते बोल्ट चकचकीत नव्हते. रंगाचेही तसेच. त्या काळच्या नव्या गाडीचा रंग आरशासारखा गुळगुळीत नसे. त्यावर संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीतपणा दिसे. बाजूने मारलेल्या रंगाचा तुषार गाडीच्या पोटापर्यंत उडालेला असे. सांधे बुजवण्याचा लेप घाईने, हाताने ओढलेला असे. उत्तम कारागीर हे सारे पुन्हा तसेच करतो. आरशासारखा रंग त्यालाही देता येतो, पण तो आपला हात आवरतो.

गाडीच्या पोटाखाली आणखी एक नवल असते. तेथे खडूच्या, पेन्सिलीच्या आणि रंगाच्या खुणा सापडतात. त्या कारखान्यातल्या कामगारांनी केलेल्या आहेत. भाग कोणता आहे, तो घट्ट बसला की नाही, तपासणी झाली की नाही, हे दाखवण्यासाठी तो कामगार ब्रशचा एक फटका मारून पुढच्या गाडीकडे वळत असे. त्याला दिवसभरात अशा कितीतरी गाड्या हाताळायच्या होत्या. त्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही. पण आज पन्नास-साठ वर्षांनी कारागीर मळीचा थर हळुवारपणे काढतो, तेव्हा ती खूण पुन्हा दिसू लागते. तो लगेच तिचे छायाचित्र काढतो, माप घेतो आणि काम संपल्यावर अगदी तशीच खूण त्याच जागी करतो. ती वाकडी असेल तर वाकडीच! कधी कधी आसनाच्या स्प्रिंगांत अडकलेला एक कागदही सापडतो. या गाडीत कोणते इंजिन, कोणता रंग, कोणते आसन बसवायचे, याची ती कारखान्यातली यादी असते. कारागिराच्या दृष्टीने तो कागद म्हणजे गाडीचा जन्मदाखलाच.

मित्रांनो, जिथे पैसा मोठा, तिथे मोहही मोठा. काही लोक साधी गाडी घेतात, तिच्यात मोठे इंजिन बसवतात, चिन्हे लावतात आणि ती दुर्मीळ गाडी म्हणून विकू पाहतात. "ही नक्कल आहे," असे स्पष्ट सांगून विकली तर त्यात गैर काही नाही. हौसेने चालवायला ती चांगलीच असते. पण गाडीचा ओळख क्रमांक खोडून किंवा पट्टी बदलून खरेदी करणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकणे ही दगाबाजी आहे. अमेरिकेत हा कायद्याने गुन्हा आहे. म्हणून तर परीक्षक क्रमांक, तारखा आणि कागद इतक्या बारकाईने ताडून पाहतात. त्यांची कडक नजर ही खऱ्या मालकांचे संरक्षणच आहे.

या क्षेत्रातला सर्वांत सुंदर नियम मात्र वेगळाच आहे: गाडी मूळची शाबूत असेल तर तिला हातच लावू नये. दुरुस्ती कितीही वेळा करता येते, पण गाडी मूळ अवस्थेत एकदाच असते. 'बुलिट' हा चित्रपट १९६८ साली आला. त्यात स्टीव्ह मॅक्वीन या अभिनेत्याने फोर्ड मस्टँग गाडी चालवली होती. तीच गाडी १९७४ मध्ये एका कुटुंबाने विकत घेतली आणि रोजच्या वापरात ठेवली. घरातील बाई शिक्षिका होत्या. त्या ती घेऊन शाळेत शिकवायला जात! पुढे गाडी बंद पडली आणि अनेक वर्षे घरीच राहिली. तिला नवा रंग देऊन मिरवणे सोपे होते. पण कुटुंबाने ती चालू करण्यापुरती दुरुस्ती केली आणि उडालेला रंग, गंज व चित्रीकरणाच्या वेळच्या खुणा जिवापाड जपल्या. २०१८ मध्ये ती जगासमोर आली आणि जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातील लिलावात तिला ३४ लाख डॉलरची बोली लागली. तिच्या ओरखड्यांनीच ती खरी असल्याची साक्ष दिली.

'अस्सल' हा मराठी शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूतल्या 'असल' शब्दाचाच तो भाऊ आहे. असल म्हणजे मूळ. मुळाशी इमान राखते ते अस्सल. चांगल्या कारागिराची परीक्षा इथेच होते. त्याच्या अंगी कारखान्यातल्या कामगारापेक्षा अधिक कसब असते. पण ते कसब मिरवण्याचा मोह टाळून, कोणा अनामिक माणसाने घाईत मारलेला रंगाचा एक फटका तो जसाच्या तसा जपतो. पहिला मान मिळतो तो या इमानाला.

शब्दार्थ

अश्वशक्ती – इंजिनाची ताकद मोजण्याचे माप
झिलई – वस्तूच्या पृष्ठभागावरील चमक
मुलामा – दुसऱ्या धातूचा पातळ थर
ओतकाम – वितळलेला धातू साच्यात ओतून केलेली वस्तू
तुषार – बारीक थेंब
शाबूत – न मोडलेले, पूर्ण
अनामिक – ज्याचे नाव माहीत नाही असा
कसब – कौशल्य

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मसल कार कशाला म्हणतात?
(आ) पाँटिॲक जीटीओ ही गाडी कोणत्या साली बाजारात आली?
(इ) आसनाच्या स्प्रिंगांत सापडणाऱ्या कागदावर काय लिहिलेले असते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) १९७० नंतर मसल कार मागे पडल्या.
(आ) सगळे बोल्ट चकचकीत केले तर परीक्षक गुण कापतात.
(इ) मार्चमध्ये तयार झालेल्या गाडीवर एप्रिलची काच चालत नाही.

प्र. ३. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) परीक्षक प्रत्येक भागाविषयी कोणते पाच प्रश्न विचारतात?
(आ) नक्कल आणि दगाबाजी यांत लेखकाने कोणता फरक सांगितला आहे?
(इ) 'बुलिट' चित्रपटातील गाडीला नवा रंग न देण्याचा निर्णय तुम्हांला योग्य वाटतो का? का?

प्र. ४. वाक्यांत उपयोग करा.
नाव काढणे, हातोहात खपणे, डोळ्यांत धूळ फेकणे, जिवापाड जपणे.

प्र. ५. भाषाभ्यास
'कारागीर', 'कारखाना', 'नक्कल', 'कागद' हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आढळतात. या पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा. उर्दूत व मराठीत त्यांच्या उच्चारात किंवा अर्थात काही फरक आहे का, ते लिहा.

उपक्रम
तुमच्या घरातील एखादी जुनी वस्तू (घड्याळ, शिवणयंत्र, तांब्याचे भांडे) नीट पाहा. तिच्यावरील खुणा, अंक, झीज यांची नोंद करा. त्यावरून तिच्याविषयी काय कळते ते दहा ओळींत लिहा.